हाताखालून गेलेली गाडी

१८ ऑक्टोबर

बोर्ड लागला. 'शारजा कार साउंड', निळ्यावर पिवळी अक्षरं आणि खाली बारीक अक्षरांत 'सबवूफर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर बसवून मिळतील'. बोर्ली पंचतनच्या बाजारात एवढा मोठा बोर्ड औषधवाल्याचासुद्धा नाही. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई रहिमुन्निसा, रिक्षातून उतरल्या, बोर्डाकडे बघून रडल्या आणि मग रिक्षावाल्यालाच सांगायला लागल्या, "नऊ वर्षं शारजात शेखांच्या गाड्या बोलत्या केल्यान माझ्या पोरानं. आता तुमच्या करील."

रिक्षावाला म्हणाला, "माझी आधीच लय बोलते, चाची. तिला गप करायचं काय औषध हाय का बघा."

सगळे हसले. मुसअब हसला नाही. तो शिडीवरूनच बोर्डावर उमटलेलं धुळीचं बोट पुसत होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि त्याच्या सगळ्या सुट्ट्या एकत्र केल्या तरी वर्ष भरत नाही. बाकी संसार फोनवर. फोनमध्ये त्याच्या आवाजामागे कायम एक फसफस असायची. पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाला, वर्कशॉपचा एसी आहे. मला पुढेपुढे त्या फसफशीची इतकी सवय झाली की तो सुट्टीवर घरी आला की काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

आता बकरी ईदला आला तो कायमचा. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, इथे 'तो' लिहिते. इथे हेही लिहून ठेवते की दुकान चाललं तर तो राहील आणि नाही चाललं तर विमानात बसेल. मला दुसरं काही नको आहे.

२७ ऑक्टोबर

गिऱ्हाईक येतं ते सीट कव्हरला, नाहीतर आरशाला लटकवायच्या वासाच्या डबीला. सबवूफर मागायला अजून कोणी आलेलं नाही. मुसअबला त्याची घाई दिसत नाही. म्हणतो, "येतील. हे काम घाईचं नाही."

तोवर तो आलेल्या गाड्या पुसतो. वासाची डबी घ्यायला आलेल्याची गाडीसुद्धा पुसतो. कपडा घडीवर घडी घालून तळहाताएवढा करतो, टपापासून खाली येतो, एक घडी मळली की दुसरी उलटतो, एकही ओघळ मागे राहत नाही. दरवाजा उघडून पत्र्याच्या कडासुद्धा. माणूस डबी घेऊन बाहेर येतो आणि स्वतःची गाडी ओळखत नाही.

आज त्याच्या हाताला तेल लावताना बघितलं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून चिरलेली आहे. विचारलं, "एसीत बसून हात असे होतात?"

"तिथलं पाणी खारट."

"आपलं काय गोड आहे?"

त्याने हात काढून घेतला.

५ नोव्हेंबर

आला! पहिला सबवूफर. दिवेआगरचा गणराज, सुपारीच्या वाडीत ज्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात तो. बहिणीची, क्रांतीची, हळद आहे पहिल्या डिसेंबरला.

"दादा, डीजे दहाच्या ठोक्याला बंद करायला लावतात. गेल्या साली आमच्या चुलत्याकडं पोलीस जेवून गेले नि मशीनपण घेऊन गेले. म्हनून मी म्हनलं, गाडीच वाजवू. डिकी उघडायची, पोलीस आले की डिकी बंद. काय म्हनतो?"

"होईल," मुसअब म्हणाला.

"छातीत बसाया पायजे पन. माझी आत्या बहिरी हाय, तिला पायातून कळाया पायजे."

"होईल."

"शारजात किती केल्या असशील?"

मुसअब हातातला कपडा उलटवत म्हणाला, "मोजल्या नाहीत."

गणराज गेल्यावर मी लाडू आणले. मुसअबने अर्धा खाल्ला. खूप दिवसांनी हातात काम आलं की माणूस असाच गप्प होत असेल.

९ नोव्हेंबर

काल गणराजची गाडी आली. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यातलं इंग्रजी पुस्तक मुसअबने माझ्यापुढे ठेवलं. "वाच मोठ्याने. माझा चष्मा घरी राहिला."

मी वाचत गेले, तो ऐकत गेला. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाडी लाल वायर, तिच्यावर फ्यूज. अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट. पुढच्या टेपपासून गाण्याची वायर. आणि एक बारीक निळी वायर, टेप चालू झाला की अ‍ॅम्प्लिफायरला उठवणारी, बंद झाला की झोपवणारी. मध्येच तो म्हणायचा, "पुन्हा वाच," आणि मी पुन्हा वाचायचे. मला वाटलं, मला शिकवतोय. दहावीच्या मुलींना घरी विज्ञान शिकवताना मीही असंच करते, उत्तर माहीत असून त्यांच्याकडून वदवून घेते. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटली, पण वीज कुठून निघते आणि कुठे परत जाते एवढं मला अजून आठवतं. बरं वाटलं. नऊ वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

संध्याकाळी गाडी वाजली. समोरच्या गुजराती वाण्याच्या बरण्या थरथरल्या. वाणी हात जोडून बाहेर आला, "मुसअबभाय, मारी हळद नीकळी जाशे, डब्यातली!"

मुसअबने गाडी दोनदा धुतली आणि मगच दिली.

११ नोव्हेंबर

गणराजची गाडी काल सकाळी सुरूच झाली नाही. बॅटरी पार उतरली होती. मुसअब म्हणाला, बॅटरी जुनी. गणराज म्हणाला, दिवाळीला घातली. मुसअब म्हणाला, दिवाळीला जुनी बॅटरी विकणारे खूप असतात.

रात्री झोप येईना तेव्हा पुस्तक उघडलं. निळी वायर. ती टेपला न जोडता सरळ बॅटरीच्या वायरीला जोडली तर अ‍ॅम्प्लिफायर कधी झोपतच नाही. सकाळी सांगितलं तर म्हणाला, "मी तेच म्हणतोय कालपासून." तो तसं म्हणाला नव्हता, पण म्हणायचं असेल. नऊ वर्षं तिथल्या गाड्या केल्या, आपल्या गाड्यांचे रंग वेगळे असतील.

१५ नोव्हेंबर

निळी वायर बदलल्यावर बॅटरी ठीक आहे. पण आता अ‍ॅक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून डास ओरडल्यासारखी बारीक शीळ येते. गणराज म्हणतो, "गान्याच्या मधी मच्छर कशाला भरलाय?" मुसअब म्हणाला, खाऱ्या हवेने होतं. दिवेआगरच्या माणसाला खारी हवा काय ते सांगायला नको होतं.

आज जुम्मा. मुसअब नमाजला गेला असताना दिघीचा मोहम्मद आला. शारजात याच्याच खोलीत राहायचा, सुट्टीवर आलाय. काल तो रस्त्यावरूनच ओरडला होता, "काय उस्ताद, इथंपन तेच सुरू?" आणि मुसअबने लगबगीने त्याला चहाच्या टपरीकडे नेलं होतं, दुकानात येऊसुद्धा दिलं नव्हतं. म्हणून आज मी मुद्दाम खुर्ची दिली.

"हे तिकडे दिवसाला किती गाड्या करायचे हो?"

मोहम्मदने बोर्डाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "लय, भाभी. पंधरा-वीस तरी."

"वीस गाड्या? दिवसाला?"

"खोटं न्हाय सांगत. मुसअबभाईच्या हाताखालून गाडी गेली की आरसा. शेख स्वतः नाव घेऊन बोलवायचा. मी जातो भाभी, बंदराकडं जायची गाडी सुटेल."

चहा तसाच राहिला. इथे एक सबवूफर बसवायला आख्खा दिवस गेला आणि तिथे वीस! केवढी यंत्रं असतील. आणि असा माणूस बोर्लीच्या बाजारात वासाच्या डब्या विकतो.

२१ नोव्हेंबर

माझं चुकलं, पण काय चुकलं ते नीट कळत नाही.

गणराज शिळेचं पुन्हा सांगायला आला होता. बॉनेट उघडं होतं. मी बघितलं, लाल वायर इंजिनाच्या बाजूने आत जाते तिथे पत्र्याला पाडलेलं भोक तसंच उघडं आहे, रबरी बूच नाही. आणि फ्यूज मागे डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरपाशी. पुस्तकात ठळक छापलंय की तो बॅटरीपासून हातभराच्या आत हवा. मी आपलं बोलून गेले, "फ्यूज तर पुढे हवा ना? वायर मध्येच कुठे घासली तर मागचा फ्यूज काय करणार?"

गणराज म्हणाला, "बघा! वहिनी हुशार हायत. दादा, तूच डिकीत बस, वहिनीला बॉनेट दे."

त्याने गमतीने म्हटलं. मुसअबने बॉनेट आपटलं. "शारजात मी असंच बसवतो. तिथं कोणाची बायको येऊन पुस्तक वाचत नाही."

गाण्याची वायर लाल वायरीला चिकटून एकाच बाजूने गेलीय, शीळ त्यामुळेच येत असणार. तेही सांगायचं होतं. सांगितलं नाही. फ्यूज मागेच राहिला.

घरी अम्मी म्हणाल्या, "चार लोकांत नवऱ्याला शिकवायचं नसतं, माहीन. त्याला तिथं मोठमोठे लोक विचारतात." मीही तेच स्वतःला सांगितलं.

२ डिसेंबर

काल हळदीत गणराजची गाडी जळाली. पूर्ण नाही. पायाखालचा गालिचा, पुढची सीट आणि डॅशबोर्डचा खालचा भाग. माणसाला काही झालं नाही, अल्लाहची मेहेरबानी. त्याच बहिऱ्या आत्याला आधी कळलं. सगळे नाचत होते, ऐकू कोणालाच काही येत नव्हतं, तिला वास आला.

गणराज सकाळी आला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. कळकट हात, कुर्त्यावर हळद. म्हणाला, "नवरीनं स्वतः मातीचं घमेलं ओतलं गाडीत. हळदीच्या अंगानं. व्हिडिओवाल्यानं तेवढंच नीट काढलंन."

मग मुसअबकडे वळला. "दादा, येक इचारतो. त्या शेखाची गाडीपन जळाली व्हती काय?"

मुसअब उभा होता. हातात कपडा होता. मला वाटलं, आता तो सांगेल, वायर खराब निघाली, माल नकली निघाला, खारी हवा, काहीही. तो म्हणाला, "गाडी घेऊन ये. पुसून देतो."

गणराजला तो टोमणा वाटला. वाण्याला तो टोमणा वाटला. मलाही. पण त्याचा चेहरा टोमणा मारणाऱ्याचा नव्हता.

४ डिसेंबर

दुकान बंद. बाजारात आम्हाला 'शारजा फटाके' म्हणतात. अम्मी म्हणतात नजर लागली. मुसअब शेजाऱ्यांच्या स्कूटर धुतोय, कोणी न सांगता. विहिरीवरून बादल्या आणतो.

८ डिसेंबर

गाडी आमच्या अंगणात आणवली. गणराजला मीच फोन केला होता. "वहिनी, तुमच्या भरोशावर देतो हां," म्हणाला. मुसअब ओट्यावर बसून होता. मी पुस्तक, मोबाईलवरचे व्हिडिओ आणि पाना घेऊन बसले. बिस्मिल्लाह म्हणून जळकी लाल वायर ओढून काढली. भोकाच्या कडेने तिला सुरीने कापल्यासारखं कापलं होतं, पत्र्याला टेकली तिथे सगळी काळी. फ्यूज तिथून मागे, अख्ख्या गाडीपलीकडे धडधाकट बसलेला. त्याला बिचाऱ्याला काही कळलंच नव्हतं.

नवी वायर, भोकाला रबरी बूच, फ्यूज बॅटरीपाशी. गाण्याची वायर दुसऱ्या बाजूने. काळ्या वायरीसाठी पत्र्यावरचा रंग खरवडत होते तेव्हा मुसअब ओट्यावरून उठला. मला वाटलं, आता हातातला पाना घेईल. त्याने बादली घेतली. मी आतून आणि तो बाहेरून, दुपारभर. मध्येच आत वाकून मागच्या सीटवरची काजळी त्याने अशी काढली की तिचा मूळ रंग कळला. एकदा काचेतून आमची नजर मिळाली. तो साबणाच्या पाण्याने काच पुसत होता आणि मी पलीकडे. तो हसला. शारजाहून आल्यापासूनचं पहिलं हसू.

अस्रच्या नमाजनंतर वाजवलं. शीळ नाही. ठोका असा की विहिरीचा रहाट करकरला. गणराज गाडीभोवती फिरला. "वाजतेय ती वहिनीची कमाल," म्हणाला, "पन दादा, ही धुतलीस कशी? शोरूममधून निघाली तेव्हा अशी नव्हती!"

मला इतका आनंद झाला की मी तिथेच, गणराज आणि अम्मींसमोर बोलले, "ऐका ना. वायरिंग मी बघते. तुम्ही वॉशिंग सेंटर काढा. तुमच्यासारखी गाडी धुणारा अख्ख्या तालुक्यात नाही. बोर्ड बदलू."

मुसअबने बादली उचलली आणि अंगणाच्या भिंतीवर फेकून मारली.

"यासाठी गेलो होतो मी? गाड्या धुवायला?"

गणराज चावी घेऊन निघून गेला. अम्मी म्हणाल्या, "काहीपण बोलतेस. माझा पोरगा गाड्या धुणारा वाटला तुला?"

मी तर त्याच्या हाताची तारीफ केली होती.

९ डिसेंबर

तो जेवला नाही. काल साबणाच्या पाण्याआडून हसला होता, ते मी खरंच बघितलं की नाही असं वाटायला लागलंय.

२८ डिसेंबर

त्याचा व्हिसा आला. जुन्याच जागी. मला न विचारता अर्ज केला होता. अम्मींनी मोहल्ल्यात सांगितलं, "शेखाचा फोन आला. म्हणाला, मुसअबशिवाय चालत नाही."

मी म्हटलं, "दुकान आहे ना. आता काम येईल. गणराजच्या दोन मित्रांनी विचारलंय."

"तुला विचारलंय."

"मग तुम्हाला विचारलं काय, मला विचारलं काय."

त्याने बॅग भरताना मान वर केली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मी काहीतरी ओळखावं म्हणून थांबल्यासारखा. मी म्हटलं, "चष्मा घ्यायला विसरू नका."

"माझा चष्मा नाहीच, माहीन," तो म्हणाला.

१४ जानेवारी

गेला. दुकानाचं शटर खाली. बोर्ड अम्मी उतरवू देत नाहीत.

२ फेब्रुवारी

अम्मींच्या औषधांसाठी म्हसळ्याला गेले. येताना एसटी एका वॉशिंग सेंटरसमोर थांबली, पुढे ट्रक आडवा होता. एक माणूस गमबूट घालून, हातात लांब नळी धरून जीप धूत होता. खिडकी उघडी होती.

फसफस.

मी डोळे मिटले. पुढे बोलणारं कोणी नव्हतं म्हणून आवाज थोडा रिकामा वाटला, पण तोच. नऊ वर्षं रोज ऐकलाय. ईदच्या दिवशी ऐकलाय, माझ्या अब्बांच्या मय्यतीच्या दिवशी ऐकलाय. त्या माणसाने नळी बंद केली, कपडा काढला आणि घडीवर घडी घालून तळहाताएवढा केला.

शेजारच्या बाईने विचारलं, "वांती होतेय का गो? लिंबू देऊ?"

घरी आले. अंगणाच्या भिंतीवर बादलीचा वण आहे. भांडी घासली. अम्मींना गोळ्या दिल्या. अम्मी म्हणाल्या, मुसअबचा फोन येऊन गेला, खूप काम आहे म्हणत होता. मी म्हटलं, असेलच.

२० फेब्रुवारी

गणराजचा मित्र येसाजी आज गाडी घेऊन आला, सबवूफरसाठी. अंगणातच. अम्मींनी ओट्यावरून त्याला आधीच सांगून ठेवलं, "फोनवरून माझा पोरगा सांगतो, सून नुसता हात चालवते." येसाजीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. त्यांना विचारल्याशिवाय मी वायरीला हात लावत नाही."

मग फोन लावला आणि डिकीत स्पीकरच्या खोक्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मुसअबचा चेहरा, कपाळ ओलं. मी त्याला एकेक वायर दाखवत गेले. "ही निळी टेपलाच ना?" तो म्हणायचा, "हो, टेपला." "फ्यूज बॅटरीपाशीच घेते." "हो. पाशीच." दर वेळी माझं बोलून झालं की तो थोडा थांबायचा आणि मग म्हणायचा. येसाजी मान डोलावत होता. "वा! उस्ताद तो उस्ताद!"

मी रबरी बूच भोकात बसवत होते. येसाजीने डिकीत वाकून कान फोनला लावला.

"उस्ताद, मागं काय फसफसतंय ओ येवढं?"



मी बॉनेटखालून मान वर न काढता म्हटलं, "एसी आहे."